दुसरा पाय

आपणच लिहून दिलेली औषधाची पट्टी त्या पोरीच्या घोट्यावर पाहिली आणि किर्यूबाईंचं डोकंच फिरलं.

पांढरी, झोंबऱ्या वासाची, दुखऱ्या जागी चिकटवायची ती पट्टी. बेटावर तिला शिप्पू म्हणत. बेटावरचं झाडून सगळं म्हातारं माणूस महिन्याकाठी दवाखान्यात यायचं, गुडघा दुखतो म्हणायचं, आणि शिप्पूचा गठ्ठा काखेत मारून घरी जायचं. गुडघे होते तसेच राहत आणि पट्ट्या कपाटांत साठत जात. एप्रिलमध्ये इथं आल्यापासून किर्यूबाईंनी एवढ्या पट्ट्या लिहून दिल्या होत्या की अख्खं बेट गुंडाळून झालं असतं. पण लहान मुलासाठी त्यांनी एकही लिहून दिली नव्हती. आणि बेटावर लहान मूल होतंच कुठं? हे एकच. उराबे नामिए, वय अकरा, शाळेतली एकुलती एक विद्यार्थिनी.

"ही कुणी लावली?" किर्यूबाईंनी विचारलं.

"शेजारच्या किनु आजीनं."

"आणि तिच्याखाली ही दुसरी?"

"ती पोस्टातल्या आजीनं. शाळेत जाताना. किनु आजीला खालची काढवेना, मग तिनं वरूनच लावली."

दवाखान्यातल्या नर्स हात्सुए याच बेटावर जन्मल्या, इथंच साठीला आल्या. नामिएला चढावर भिंतीला हात लावत चालताना त्यांनी पाहिलं आणि दंडाला धरून तशीच आत आणली. आता त्या पदर खोचल्यासारख्या बाह्या वर सारून उभ्या होत्या. "अगं, रविवारी मैदान आहे आणि आज पाय मुरगाळून बसलीस? डॉक्टरीणबाई, आधी एक्स-रे काढून टाकू, म्हणजे माझ्या जिवाला घोर नको."

घोर बेटाच्याच जिवाला लागणार होता. मार्चमध्ये शाळा बंद व्हायची होती. रविवारचं मैदान म्हणजे शाळेचा शेवटचा क्रीडादिन. ओसाका, फुकुओका, कुठून कुठून जुने विद्यार्थी बोटीनं येणार होते. शाळेत मूल एकच, म्हणून सगळ्या शर्यतींत तेच पळायचं. दोरीखेच, चेंडूफेक, अडथळ्यांची शर्यत, सगळीकडे नामिए, आणि तिच्या जोडीला बेटावरचे म्हातारे. गेली दोन वर्षं असंच चाललं होतं. रंगीत पताका महिन्यापूर्वीच शिवून तयार होत्या.

दवाखान्याचं एक्स-रेचं यंत्र जुनं असलं तरी कामाचं होतं. फोटो आला. हाड स्वच्छ, कुठं रेघसुद्धा नाही.

"हाड शाबूत आहे!" हात्सुए ओरडल्या, आणि किर्यूबाई काही बोलायच्या आत बाहेर जाऊन फोनला लागल्या. किर्यूबाईंना आतून ऐकू येत होतं. "हो हो, शाबूत! मुरगळलाय नुसता. रविवारी पळेल की!" बेटावर बातमीला दोन फोन पुरतात. पहिला मुखिया मोरिझुमींना आणि दुसरा किनु आजीला.

किर्यूबाईंनी कपाळाला हात लावला. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शहरातल्या मोठ्या इस्पितळात मुलांचे मोडके घोटे बघण्यात घालवली होती. या वयाच्या मुलांची हाडं टोकाला अजून कोवळी, कुर्चेची असतात. घोटा मुरगळला की मोठ्या माणसाचा, दोन हाडं जोडणारा अस्थिबंध तुटतो. मुलांचा मात्र तो तुटत नाही, हाडाचं कोवळं टोकच आपल्याबरोबर उपटून नेतो. आणि कोवळं टोक एक्स-रेत दिसत नाही. ते बघायला सोनोग्राफीच लागते. बेटावर येताना सरकारी यादीत नसलेलं ते छोटं यंत्र त्या स्वतःच्या ट्रंकेतून घेऊन आल्या होत्या. ट्रंक उघडताना हात्सुए म्हणाल्याही होत्या, "इथं कुणा पोटुशीला बघणार तुम्ही त्यात?"

"पाय वर घे," किर्यूबाई नामिएला म्हणाल्या. "आधी चांगला पाय. चांगला कसा दिसतो ते बघू, म्हणजे दुखऱ्यात काय बिघडलंय ते कळेल."

ही त्यांची कायमची पद्धत. मुलं या वेळी हसत, कारण जेलचा गारवा चांगल्या पायाला फुकटचा सोसावा लागे. नामिए हसली नाही. तिनं उजवा पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"तो नको," ती म्हणाली. "त्याला काही झालेलं नाही."

"म्हणूनच तर बघायचाय."

"तो बरा आहे, डॉक्टरीणबाई. खरंच. डावाच बघा ना."

किर्यूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी पडद्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. त्यांनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. शेवटी नामिएनं पाय बाहेर काढला.

करड्या-पांढऱ्या चित्रात आधी घोट्याच्या हाडाची चमकती रेघ आली. त्या रेघेच्या टोकापासून धाग्यांचा पट्टा पलीकडच्या हाडाकडे गेलेला दिसायला हवा होता. पट्टा होता, पण तो रेघेपासून निघत नव्हता. निघत होता एका सुट्या, कडा गोल झालेल्या तुकड्यापासून. मधे काळी फट. किर्यूबाईंना क्षणभर वाटलं आपण चुकून डावा पाय घेतलाय. त्यांनी खाली पाहिलं. उजवाच होता. टाच हळूच धरून पुढे ओढली, तशी फट रुंदावली आणि सोडल्यावर पुन्हा मिटली. कडा गोल म्हणजे जुनं. कित्येक महिन्यांपूर्वीचं, आणि न जुळलेलं.

मग डावा. तिथंही तेच, फक्त तुकडा ताजा, कडा तीक्ष्ण, भोवती रक्ताची काळी सूज.

किर्यूबाईंनी दोन्ही चित्रं छापून घेतली, यंत्र बंद केलं, टॉवेलनं जेल पुसलं.

"उजवा कधी?"

नामिए काढून ठेवलेला मोजा हातात घेऊन उलटसुलट करू लागली.

"मी रागावणार नाही."

"मागच्या मैदानात. शेवटच्या शर्यतीत. वळणावर पडले."

"आणि मग?"

"उठून पळाले. सगळे माझं नाव घेऊन ओरडत होते ना. मग संध्याकाळी सुजला. मग सगळ्या आज्यांनी पट्ट्या दिल्या."

"कुणी डॉक्टरकडे नेलं नाही?"

"डॉक्टर तेव्हा पंधरा दिवसांनी यायचे. किनु आजीला वाटलं पोस्टातल्या आजीनं नेलं असेल. पोस्टातल्या आजीला वाटलं बाईंनी नेलं असेल. शाळेतल्या बाईंना वाटलं घरून नेलं असेल." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, पाढे म्हणावेत तसं सांगत होती. "मग तो बरा झाला. म्हणजे मधेमधे वळतो आपोआप. म्हणून मी डाव्यावरच जोर देते उडी मारताना. म्हणून डावा गेला."

"तू सांगितलं का नाहीस, नामिए?"

"कुणाला?"

वडील मासेमारीच्या बोटीवर, पहाटे जाऊन संध्याकाळी येणार. आईचं मुख्य भूमीवर दुसरं घर झालेलं. बाकी सगळं बेट तिचंच होतं. प्रत्येक कुंपणावरून तिला हाक, प्रत्येक घरातून खाऊ. इतक्या माणसांचा जीव की प्राण असलेल्या पोरीला सांगायला माणूस नव्हतं.

"किनु आजीला सांगितलं तर ती रडते," नामिए म्हणाली. "मग तिला समजवावं लागतं. मग ती सगळ्यांना सांगते, मग सगळे येतात, माफी मागतात, रडतात. मोरिझुमी आजोबा तर जमिनीला डोकं टेकतील. प्रत्येकाला मलाच सांगावं लागेल ना, की आता बरं आहे, तुमची काही चूक नाही. ते खूप आहेत, आणि मी एकटीच आहे." मग ती खाली वाकून मोजा घालू लागली. "डाव्याचं सांगा. उजव्याचं नका सांगू. आणि मला दुखतंय असं मी म्हणाले, असंही नका सांगू."

"वडिलांना सांगावं लागेल."

"बाबांना सांगा. बाबा काही बोलत नाहीत."

उराबे ताकेओ संध्याकाळी रबरी बूट घालूनच आला. अंगाला डिझेलचा वास, हात कुठं ठेवावेत ते कळत नसलेला माणूस. नामिएच्या डाव्या पायाला गुडघ्याखालपर्यंत प्लॅस्टर घालून झालं होतं. किर्यूबाईंनी दोन चित्रं टेबलावर ठेवली आणि समजावून सांगितलं. डावा प्लॅस्टरमध्ये जुळेल. उजव्याला आधाराचा पट्टा, व्यायाम, आणि पुढे मोठी झाली की कदाचित शस्त्रक्रिया. पण आता पळाली तर दोन्ही घोटे जन्मभर दगा देतील.

ताकेओनं जुन्या चित्रावर बोट ठेवलं. "हा मागच्या वर्षीचा?"

"हो."

"शेवटच्या रेषेवर फीत धरून मी उभा होतो." त्यानं चित्र उचलून पालथं ठेवलं. मग म्हणाला, "ती म्हणते तसंच करा. उजव्याचं आपल्यातच राहू दे. आणि डाव्याचं तुम्हीच सांगा बेटाला. मला बोलता येत नाही."

सांगायचं म्हणजे त्याच रात्री सभागृहात, क्रीडादिनाच्या समितीपुढे. किर्यूबाई पोचल्या तेव्हा चटईवर अख्खी समिती बसलेली, मधे चहाच्या किटल्या आणि कागदी फुलांचा ढीग. एका म्हातारीनं त्यांना बसायला उशी दिली. महिनाभर आधीपर्यंत अशी उशी कुणी देत नव्हतं. हल्ली दाराशी मुळे, रताळी, कधी वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा ठेवलेला सापडे. कुणी ठेवला ते कळत नसे, पण कळतही असे. सत्तावन्न वर्षांच्या, मागंपुढं कुणी नसलेल्या बाईला त्या मुळ्यांचं काय वाटतं ते मुळे ठेवणाऱ्यांना माहीत नव्हतं. आपण आता बोललो की ते मुळे बंद होणार, हे किर्यूबाईंना दारातच कळलं. तरी त्या बोलल्या. नामिए पळणार नाही. हाडाचं टोक निखळलंय, एक्स-रेत ते दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतं.

पहिल्यांदा कुणाला ते खरंच वाटेना. मुखिया मोरिझुमी आजोबा ऐंशीच्या घरातले, आयुष्य बोटीवर गेलेलं. त्यांनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"डॉक्टरीणबाई, हे तर आमचं मासे शोधायचं यंत्र झालं की! त्यात मला एकदा एवढा मोठा थवा दिसला होता. जाळं टाकलं तर काय? एक बूट."

सगळे हसले. किर्यूबाईही हसल्या, कारण तो विनोद बरा होता.

"तत्त्व तेच आहे, आजोबा. पण इथं बूट नाही."

हसू थांबलं. "हात्सुए म्हणाली हाड शाबूत आहे."

कोपऱ्यात बसलेल्या हात्सुए कागदी फुलाची पाकळी सरळ करत राहिल्या.

"घाईनं म्हणाल्या त्या."

"मी आज पोरीला विचारलं," मोरिझुमी आजोबा म्हणाले. "दुखतंय का, असं स्वच्छ विचारलं. नाही म्हणाली. पळायचंय म्हणाली. मग तुम्हाला काय पडलंय? एक शर्यत तर आहे! चालत गेली तरी चालेल. माझ्या बापानं त्या मैदानातले दगड हातानं वेचलेत. माझी पोरं तिथं पळाली. शेवटचं मूल त्या रेषेवरून जाताना बघायचं, आणि मग ते दार बंद करायचं, एवढंच आमचं मागणं आहे."

त्यांचा आवाज फुटला. ते वाईट नव्हते, आणि हेच कठीण होतं.

दुसरं चित्र किर्यूबाईंच्या कोटाच्या खिशात होतं. ते काढून किटल्यांच्या मधोमध ठेवलं असतं तर सगळी तोंडं तिथंच मिटली असती. 'हा तुमचा मागचा क्रीडादिन' असं म्हणायची देखील गरज पडली नसती. त्यांचा हात खिशापर्यंत गेला. मग त्यांना चटईवर डोकं टेकलेले मोरिझुमी आजोबा दिसले, आणि त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसून, बरं आहे आता, बरं आहे, असं सांगणारी अकरा वर्षांची पोर. त्यांनी हात बाहेर काढला. रिकामाच.

"पळणार नाही, आणि चालणारही नाही," त्या म्हणाल्या. "हा माझा निर्णय आहे. तिला विचारू नका, तिचा त्यात काही संबंध नाही. राग काढायचा तर माझ्यावर काढा."

"काढणारच," मागून कुणीतरी म्हणालं. "तुम्ही काय, दोन वर्षांनी बोटीत बसून जाल. आम्हाला राहायचंय इथं."

ताकेओ दाराजवळ बसला होता. त्यानं मान इतकी खाली घातली होती की चेहरा दिसत नव्हता. मोरिझुमी आजोबांनी चित्र परत दिलं, दोन्ही हातांनी, रीतीला धरून. "ठीक आहे. डॉक्टर सांगतात म्हटल्यावर बोलायचं काय." त्या रीतीपेक्षा शिवी परवडली असती.

दाराशी काही येईनासं झालं. बेटावरचे गुडघे एकाएकी बरे झाले. शिप्पू मागायलासुद्धा कुणी फिरकेना. हात्सुए कामापुरतं बोलत, तेही यंत्राकडे बघून. संध्याकाळी ध्वनिक्षेपकावरून बंदराची सूचना व्हायची, मग दिवसभरात ऐकलेला तोच एक माणसाचा आवाज असायचा. किर्यूबाईंना राग यायचा, मग स्वतःचं हसू यायचं, मग नुसतं रडू. आपण बरोबर आहोत हे माहीत असून माणूस इतकं एकटं पडू शकतं हे त्यांना शहरात कधी कळलं नव्हतं. तिथं बरोबर असलं की पगार मिळायचा आणि घरी जाता यायचं.

रविवारी ऊन छान पडलं. क्रीडादिन झालाच. पताका लागल्या, बोटीनं माणसं आली, मैदानाभोवती निळ्या चटया अंथरल्या गेल्या आणि घराघरातले डबे त्यांवर मांडले गेले. प्रथमोपचारासाठी डॉक्टर हवाच, म्हणून किर्यूबाई गेल्या आणि टोकाला, शाळेच्या भिंतीजवळ आपली चटई टाकून बसल्या. चटई चौघांची होती, दुकानात लहान मिळाली नव्हती. त्यांच्या बाजूनं जाणारी माणसं मान लववत आणि पुढे जात.

नामिए मुख्याध्यापकांच्या शेजारी मानाच्या खुर्चीत, मांडीवर शाल. शर्यती म्हातारे आपसात पळत होते. पळून झालं की धापा टाकत प्रत्येक जण तिच्यापाशी जायचा. किर्यूबाईंना इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते, पण ऐकायची गरज नव्हती. म्हातारं माणूस वाकायचं, तिचा हात धरायचं, डोळे पुसायचं. नामिए हसून मान हलवायची, त्याच्या हातावर थोपटायची. मग पुढचं. पाळण्यातल्या बाळाला भेटायला यावं तशी रांग होती, फक्त इथं बाळच सगळ्यांना निजवत होतं.

जेवणाची सुट्टी झाली आणि प्रत्येक चटईवरून हाक उठली. "नामी, इकडे ये गं! तुझ्यासाठी वेगळं काढलंय!" "अगं, आमच्याकडे! तळलेली कोंबडी आहे!" किनु आजी तर उभी राहून दोन्ही हात हलवत होती. नामिए कुबड्या घेऊन मैदानात उतरली, आणि मधोमध येऊन थांबली. एकीकडे गेली असती तर बाकीच्या सगळ्या चटयांचं मन मोडलं असतं. बापाच्या चटईवर जावं तर तिथं मुखियांचं सगळं घर बसलेलं. ती तशीच उभी राहिली. मग वळली, आणि चुन्याच्या रेषा ओलांडत, कुबड्या टेकत टेकत थेट शाळेच्या भिंतीकडे निघाली. हाका एकेक करून विझल्या.

"बसू?"

किर्यूबाई सरकल्या. नामिए मैदानाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. तिचा डावा पाय सरळ पुढे. किर्यूबाईंच्या डब्यात दोन भाताचे मुटके होते आणि त्यांत उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ. एक त्यांनी पुढे केला. नामिएनं तो हातात घेतला, खाल्ला नाही.

दुखतंय का, असं किर्यूबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"डॉक्टरीणबाई," भिंतीकडे बघत नामिए म्हणाली, "मी रडले तर तुम्हीपण रडाल?"

"नाही."

"नक्की? मग मला सांगावं नाही ना लागणार काही?"

"काही सांगावं लागणार नाही. मला सगळं माहीत आहे. मी इकडे मैदानाकडे बघते."

तेव्हा ती रडली. आधी आवाज न करता, मग जराशी खांदे हलवत, आणि मग अकरा वर्षांच्या मुलीनं रडावं तशी, नाक ओढत, तोंड वाकडं करून, हातातला भात चुरगाळून टाकत. किर्यूबाई मैदानाकडे बघत राहिल्या. तिकडून सगळं बेट त्यांच्याकडे बघत होतं आणि पोरीच्या पाठीशिवाय कुणाला काही दिसत नव्हतं. तिला जवळ घ्यावं म्हणून त्यांचे हात शिवशिवत होते. उभ्या आयुष्यात कुणाला जवळ घ्यावंसं इतकं वाटलं नव्हतं. पण जवळ घेतलं की आपला बांध फुटणार, आणि मग हिला आपल्याला समजवावं लागणार. त्यांनी दुसरा मुटका उचलला आणि मधल्या उमेबोशीचा घास घेतला. डोळ्यांत पाणी आलंच, तर फार आंबट आहे असं सांगता आलं असतं. नामिएनं काही विचारलं नाही. तिला तेवढी सवडच नव्हती.